पांढरीत मारलेली हाक

भित्र्या माणसानं प्रवासवर्णन लिहू नये, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. भित्रं माणूस डोळे मिटून प्रवास करतं आणि घरी येऊन मनचं लिहितं, असं तो म्हणतो. यातला पहिला भाग खरा आहे. घाटात मी डोळे मिटते, बोगद्यात मिटते, आकाशपाळण्यात तर नुसतं बघायला उभी असले तरी मिटते. पण परभणी जिल्ह्यात ना घाट, ना बोगदा. काळी सपाट जमीन, तिच्यात ज्वारी, हरभरा, तूर आणि वर भरपूर आभाळ. तिथे भ्यायला काय असणार, अशा समजुतीनं मी निघाले आणि जन्मात भ्याले नव्हते तेवढी भिऊन परत आले.

माझी एकुलती एक नणंद तिकडे दुधना नदीच्या काठी, वालूरपासून थोडं आत, एका लहान गावात दिली आहे. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माती शेतात खत म्हणून टाकतात, तिच्यावर ट्रॅक्टरवाल्यांचा आधीच डोळा आहे, आणखी गिऱ्हाइकं नकोत. लग्नात नणंदेचं नाव बदललं. सासरी तिला मंगल म्हणतात. नाशिकला आमच्या घरात मात्र अजून माहेरचंच नाव चालतं. या लेखात मी तिला मंगल म्हणणार आहे.

तर पौष अमावस्येच्या आधी तिनं फोनवर आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सहज सांगितलं की यंदा आसरांची माती काढायला मी आत जाणार. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. डोहात, विहिरीत राहतात, आणि भर दुपारी एकटीदुकटी बाई दिसली की ओढून नेतात, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. पण ‘आत’ म्हणजे कुठे, हे आईंनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं की गावाबाहेरच्या जुन्या टेकाडात एक बीळ आहे आणि त्यात पोटावर सरपटत जायचं आहे. त्याच आठवड्यात तिकडे गारांचा पाऊस झाला होता.

आई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. देव हा त्यांच्या लेखी ऐच्छिक विषय. आसरांची त्यांना कणभर भीती नव्हती, भीती होती ती ओल्या मातीची. ढिगाऱ्याखालून काढलेली माणसं त्यांनी पाहिलेली आहेत. नवऱ्याला रजा नव्हती. आई मला म्हणाल्या, “तू जा. पाया पड, भांड, काहीही कर, पण तिला त्या बिळात जाऊ देऊ नकोस.” घरातल्या सगळ्यात भित्र्या माणसावर ही कामगिरी आली.

मानवत रोड ते वालूर

मानवत रोड स्टेशनावर सकाळी उतरले तेव्हा निम्मी गाडी माझ्याबरोबर उतरली. ती सगळी पाथरीला, साईबाबांच्या देवळाला जाणारी भाविक मंडळी होती. त्यांच्या गळ्यात उपरणी होती, हातात फुलांच्या पिशव्या होत्या आणि जीपवाले त्यांना “पाथरी, पाथरी” करत ओढत होते. मी वालूर म्हटल्यावर एका जीपवाल्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मागच्या बाकावर कोंबलं. शेजारी कोंबड्यांची डालगी होती. कोंबड्या माझ्यापेक्षा शांत होत्या.

वालूरला दाजी मोटारसायकल घेऊन उभे होते. दाजी म्हणजे मंगलचा नवरा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. बोलायला गोड आणि मुद्द्यावर यायला फार हळू. आधी त्यांनी मला एका हॉटेलात सुशीला खायला घातली. मुरमुरे भिजवून फोडणीला टाकतात, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर. आपल्या पोह्यांची ही बहीण मला आवडली. मग म्हणाले, “वहिनी, बारव बघता का?” वालूरची बारव गोल आहे, पायऱ्या फिरत फिरत खाली पाण्याकडे जातात. मी काठावरून पाहिलं. खाली हिरवं पाणी होतं आणि पाण्याजवळच्या कोनाड्यात शेंदूर फासलेले सात गोटे. सूर्य वर यायला लागला होता. मी म्हटलं, “दाजी, चला.”

वाटेत मी मुद्द्यावर आले. म्हटलं, “तुम्ही तिला अडवत का नाही?”

ते मोटारसायकल चालवता चालवता म्हणाले, “वहिनी, ते बायकांचं हाय. त्या दिवशी गडीमाणूस टेकाडाच्या त्या अंगाला फिरकत न्हाई. मी जन्मलो इथं, पण ते दार अजून डोळ्यानं बघितलेलं न्हाई.”

“पण माती पडली तर?”

यावर त्यांनी गाडी उगाचच हळू केली. त्यांच्या पाठीवरून मला दिसत होतं की तेही भ्यालेले आहेत. माझा एकमेव आधार तिथेच गेला.

गाव

मंगल दारातच भेटली. अंगानं थोडी वाळली होती, पण हसणं तेच. मी येण्याचं कारण तिला न सांगताच कळलं होतं. तिनं पाय धुवायला पाणी दिलं आणि म्हणाली, “आईनं पाठवलं ना? दोन दिवस खा, पी, आणि जा परत.”

जेवायला ज्वारीची भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी आणि ठेचा. नाशिकला आम्ही स्वतःला तिखट खाणारे समजतो. इथल्या ठेच्यानं माझे डोळे, नाक आणि अभिमान तिन्ही एकदम वाहायला लागले. मंगलच्या सासूबाईंना, ज्यांना सगळं घर आत्याबाई म्हणतं, ते पाहून फार आनंद झाला. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. गोऱ्या, किडकिडीत, उजवा हात खांद्यातून वर जात नाही. डाव्या हातानंच त्यांनी माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला.

“खा माय. वाळून चाललीस. शहरात काय खायालाव तुमी, निस्ता चहा!”

दुपारी आम्ही दोघी शेतात शेंगा तोडायला गेलो, तेव्हा मी मंगलशी भांडले. सुरुवात गोडीगुलाबीनं केली, मग आईंची शपथ घातली, मग रडले. ती शेंगा तोडत राहिली.

“वहिनी, मी न्हाई गेले तर आत्याबाई जातील,” ती म्हणाली. वीस वर्षांत तिची भाषा अर्धी इथली झाली आहे. “दरसाल त्याच जायच्या. मागच्या साली निघताना खांदा अडकला, लय वेळ अडकल्या होत्या. या घरच्या थोरल्या सुनेचं काम हाय ते. थोरली सून मीच.”

“नाहीच काढली माती तर?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. गॅसची शेगडी न लावता स्वयंपाक केला तर, असं मी विचारल्यासारखं तिचं तोंड झालं.

मी एक शहाणपणाचा तोडगाही काढला. लांब दांड्याचं खुरपं आत घालून बाहेरूनच माती ओढायची, म्हणजे काम होतं आणि जीवही वाचतो. संध्याकाळी मी तो आत्याबाईंपुढे मांडला. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

“आसरांना गंडवायला निघालीस व्हय गं? लोखंड न्हाई चालत माय. हातानं काढायची, मुठीनं. उन्हानं न बघितलेली माती.”

मग हसू थांबवून त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “भ्यायचंच असतंय त्येला. मी बी दर साली भ्याले. न भ्यालेल्या बाईला आमी आत सोडतच न्हाई.”

यानं मला धीर यायला हवा होता, पण आला नाही.

पांढर

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी मला ते टेकाड दाखवलं, अर्थात नदीकडच्या अंगानं, जिथे पुरुषांना जाता येतं.

शेताची जमीन ती काळी आणि माणसं राहतात ती पांढरी, हे मला माहीत होतं. चुलींची राख, पडक्या भिंती, शेण, हाडं, सगळं पिढ्यान्‌पिढ्या मातीत मिसळतं आणि माती पांढुरकी होते. माणसं उठून गेली तरी पांढर तिथेच राहते. पण मी पाहिलेल्या पांढरी म्हणजे गावाबाहेरचे उंचवटे. ही तीन मजली इमारतीएवढी होती. नदीनं एक बाजू सुरीनं कापावी तशी कापली होती आणि पोटातलं सगळं उघडं पडलं होतं.

दाजी मुद्द्यावर यायला हळू, पण इथे त्यांना मुद्दाच सापडला होता. त्यांनी काठीनं दाखवलं. अगदी खाली मोठमोठ्या भाजलेल्या विटा, सरळ रेषेत. भाजक्या मातीची कडी एकावर एक बसवून केलेला आड. सांडपाण्याची नाली. “हे शहर होतं, वहिनी. मणी करायचे, शिंपल्याच्या बांगड्या करायचे, दूरदूरचे व्यापारी यायचे. पोरं अजून शिशाची नाणी वेचतेत.” त्याच्यावर राखेचा काळा पट्टा. त्यावर निव्वळ माती, मध्येच एखादी ओबडधोबड दगडी चूल. “हितं शहर संपलं. कामून संपलं ते कुणालाच ठावूक न्हाई. शहराचं नाव बी न्हाई ठावूक. विटा संपल्या, नाणी संपली, नाली संपली. राहिले ते चार गुराखी.”

मग त्यांनी खिशातून रुमाल काढला. आत भाजक्या मातीच्या अंगठ्याएवढ्या बाया होत्या. नाक चिमटीनं ओढलेलं, डोळे नाहीत, तोंड नाही, हात म्हणजे दोन टोकं.

“ही विटांतली,” एक ठेवली. “ही राखेतली.” दुसरी ठेवली. “ही वरच्या मातीतली, गुराख्यांच्या टायमाची. आणि ही आत्याबाईंनी मागच्या साली काढलेल्या मातीची. त्या मातीच्या सात बाया करून नदीच्या डोहात सोडतेत, त्यातली ही काठाला राहिली होती.” शेवटची तेवढी कच्ची होती. “मला वळखू येत न्हाई, वहिनी. भाजली तर मला सांगता येणार न्हाई कोणती कोणाची.”

सिंधच्या जुन्या शहरातल्या एका मुद्रेवरही सात बाया ओळीनं उभ्या आहेत आणि झाडात एक शिंगवाला देव आहे, त्याचं चित्र दाजींनी पुस्तकात पाहिलं होतं. ते शहर तर याहून कितीतरी जुनं. त्या सात आणि या सात एकच, असं म्हणायला कुणाकडे पुरावा नाही आणि दाजीही तसं म्हणत नव्हते. ते नुसतं चित्राबद्दल बोलले आणि डोहापलीकडच्या म्हसोबाकडे काठी केली. रेड्याच्या शिंगांचा तो दगड बहिणींची राखण करतो.

आमच्या नाशिकला देवांना दारं आहेत, वेळापत्रक आहे, दर्शनाच्या रांगेला कठडे आहेत. राजे बदलले, पेशवाई गेली, तरी देवळं टिकली, कारण ती दगडाची होती आणि त्यांना कुणीतरी जमिनी लावून दिल्या होत्या, असंच मला वाटत आलेलं. इथे देऊळ नव्हतं, पुजारी नव्हता, पोथी नव्हती. एक अख्खं शहर मोडून पडलं आणि बायकांनी दर साली मूठ मूठ माती काढणं तेवढं चालू ठेवलं. मला कौतुक वाटायला हवं होतं. मला थंडी वाजली. एवढ्या जुन्या गोष्टीपुढे माझी नणंद कितीशी, असं वाटलं.

कापलेल्या बाजूवर, वरच्या अंगाला, मला एका ओळीत खळगे दिसले. पडलेल्या दातांच्या जागा दिसाव्यात तसे. मी विचारलं, “हे काय?”

“जुनी दारं,” दाजी म्हणाले. “एक बसलं की पुढं दुसरं काढतेत. आताचं त्या वळणापल्याड हाय, हितून दिसत न्हाई.”

बसलं तेव्हा आत कुणी होतं का, हे मी दाजींना विचारलं नाही. घरी येऊन आत्याबाईंना विचारलं. त्या हरभरा निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “एक होती. माझ्या आजेसासूच्या टायमाला.”

अमावस्येची दुपार

सूर्य डोक्यावर आला तेव्हा आम्ही दहा-बारा बायका टेकाडाच्या पलीकडच्या अंगाला होतो. पुरुष गावाकडच्या बाजूला लिंबाखाली चुली पेटवून बसले होते. त्यांचा धूर दिसत होता, आवाज येत नव्हता. भर दुपारी तिथे एक पाखरू ओरडत नव्हतं. खाली दुधनेचा डोह, काळा आणि हलत नसलेला.

दार म्हणजे गुडघ्याएवढ्या उंचीचं भोक. त्याच्या वरच्या मातीत करंगळी जाईल एवढी चीर होती. मी ती आत्याबाईंना दाखवली. त्यांनी पाहिली. “कोरडी चीर हाय, जुनी,” म्हणाल्या, पण दोनदा हात लावून पाहिला.

मंगलनं बांगड्या उतरवल्या, मंगळसूत्र उतरवून सासूच्या हातात दिलं, पदर खोचला. कमरेला बैलाचा कासरा बांधला. त्याचं टोक चार बायकांनी धरलं आणि मलाही धरायला दिलं. आत्याबाईंनी मला बाजूला घेऊन नियम सांगितला. त्या हळू बोलल्या, पण एकेक शब्द दाबून.

“ती आत गेली की तिला नाव न्हाई. आमी पुसनार, ‘थोरली निघाली का?’ ती म्हननार, ‘निघाली.’ एक मूठ माती भायेर येनार, ती थोरली बहीन. मग दुसरी, मग तिसरी. अशा सात. तवर कुनी तिचं नाव घ्यायचं न्हाई. कुनाची सून, कुनाची लेक, काय बी न्हाई. आसरांनी नाव ऐकलं, की ते त्यांचं होतंय.”

मी मान हलवली. मंगलनं माझ्याकडे पाहिलं आणि हसली. मग पालथी पडली आणि आत गेली. आधी हात, मग डोकं, मग खांदे. शेवटी भेगाळलेल्या टाचा दिसत होत्या, मग त्याही दिसेनाशा झाल्या.

“थोरली निघाली का गंऽ?” बायकांनी एका सुरात विचारलं.

“निघालीऽ” आतून आवाज आला. जमिनीतून येणारा आवाज तिचा वाटत नव्हता. मातीची मूठ पायानं मागे ढकलली गेली, आत्याबाईंनी ती सुपात घेतली. माती पिठासारखी मऊ आणि फिकी होती.

दुसरी निघाली. तिसरी निघाली. प्रत्येक वेळी कासरा थोडा आत जायचा. माझे तळहात ओले झाले होते. मी डोळे मिटले, पण मिटल्यावर जास्त भीती वाटली, म्हणून उघडले. चौथी निघाली. पाचवी निघाली, तिचा आवाज फार लांबून आला.

“सहावी निघाली का गंऽ?”

उत्तर आलं नाही.

बायकांनी पुन्हा विचारलं. सूर तोच, पण त्यात आता श्वास नव्हता. आतून धप्प असा आवाज आला, ओलं पोतं खाली टाकावं तसा. दारातून पांढरी धूळ बाहेर आली. वरची चीर, ती कोरडी, जुनी चीर, माझ्या डोळ्यांदेखत रुंद झाली. कासरा सैल पडला होता. कुणी ओढत नव्हतं. सगळ्या आत्याबाईंकडे बघत होत्या आणि आत्याबाई तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडत होत्या.

तेवढ्यात मी ओरडले. तिचं नाव. मंगल नव्हे. वीस वर्षं ज्या नावानं स्वयंपाकघरातून हाक मारली, दिवाळीला बसमधून उतरताना ज्या नावानं ओरडले, ते नाव माझ्या तोंडून निघून गेलं. ते मी इथे लिहीत नाही.

आणि आतून लगेच उत्तर आलं, “ओऽ!”

जिवंत होती. मी मटकन खाली बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. भोवती एकीनंही सुस्कारा टाकला नाही. मी वर पाहिलं तर सगळ्या बायका माझ्यापासून पावलापावलानं मागे सरकल्या होत्या. एकीनं तोंडावर पदर धरला होता. आत्याबाईंनी सूप छातीशी धरलं होतं.

“ओ दिली,” शेजारची बाई कुजबुजली. “माय गं, तिनं ओ दिली.”

मला वाटलं आता तिला ओढून काढतील. पण आत्याबाईंनी घसा खाकरला आणि पुन्हा विचारलं, “सहावी निघाली का गंऽ?” आणि त्या अंधारातून, ढेकूळ मानेवर पडलेलं असताना, माझी नणंद म्हणाली, “निघाली.” मग सातवी, धाकटी. मग आम्ही कासरा ओढला. माझ्यात जेवढा जीव होता तेवढा लावून ओढला.

ती बाहेर आली तेव्हा केसांपासून पायांपर्यंत पांढरी होती. नुसते डोळे दिसत होते. आत छताचं ढेकूळ मानेवर पडलं, तोंडात माती गेली, म्हणून सहावीला उत्तर देता आलं नाही, एवढंच झालं होतं. तिनं थुंकून तोंड साफ केलं, सगळ्यांचे चेहरे पाहिले, आणि तिला समजलं. माझ्यावर ती रागावली नाही. ती घाबरली होती, आणि ते मला सहन झालं नाही.

आत्याबाईंनी आधी तिला पाणी पाजलं, मग मंगळसूत्र गळ्यात घातलं, मग तिथेच मातीवर बसवून घेतलं.

“ऐक माय. जीव भायेर आला, नाव आत राहिलं. बरं झालं का वाईट झालं, ते आमाला कळत न्हाई. पन ते नाव आता तुझं न्हाई, त्यांचं हाय.” मग माझ्याकडे वळल्या. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी माझा ओला हात धरला. “तुमच्या घरी सांग. तिला त्या नावानं हाक मारायची न्हाई. कुनीच न्हाई. हाक तुमी माराल, आन ओ दुसरीच देईल.”

मी म्हटलं, “आत्याबाई, माझी चूक झाली. यावर काही पूजा, काही तोडगा?”

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “दिलेलं परत मागत नसतेत.”

मग सगळ्या कामाला लागल्या. त्या मातीत डोहाचं पाणी घालून सात बाया केल्या, चिमटीनं नाकं ओढली, हळदकुंकू वाहिलं, आंबील आणि भाताचा नैवेद्य दाखवला आणि एकेक करून डोहात सोडल्या. मंगलनं सातही स्वतः सोडल्या. पाण्यात त्या विरघळताना पांढरा ढग पसरत गेला. परत निघताना कुणी मागे वळून पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही.

लिंबाखाली दाजींनी मंगलला पाहिलं, तिच्या अंगावरची माती पाहिली आणि भात वाढायला घेतला. त्यांचा पळा दोनदा पातेल्यावर आपटला.

परत

निघताना मंगल मोटारसायकलपर्यंत आली. हुरड्याची पिशवी दिली. म्हणाली, “आईला मी सांगू का तुमी सांगता?”

“मी सांगते.”

“हसेल ती,” मंगल म्हणाली. “हसू द्या. पण वहिनी...” मी तिला मिठी मारली. तिच्या केसांतून अजून त्या मातीचा वास येत होता.

आमच्यात म्हणतात, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. मानवत रोडच्या फलाटावर तो मला भेटला. पाथरीहून परतणारी एक बाई आपल्या पोरीला शोधत होती आणि तिनं हाक मारली तेच नाव. साधं, घरोघरी असणारं नाव. गर्दीतून बारीक आवाजात “ओऽ” आली. मी बाकावरून उठून दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. ती पोर कोण होती हे बघायचं धाडस मला झालं नाही. गाडीत डोळे मिटून बसले, आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे भोकात दिसेनाशा होणाऱ्या टाचा येत राहिल्या.

नाशिक

आईंना मी सगळं सांगितलं, काही न गाळता. ढेकूळ पडल्याचं ऐकून त्या माझ्यावर भयंकर भडकल्या. तुला कशाला पाठवलं होतं, म्हणाल्या. ते बरोबरच होतं. नावाचं ऐकून मात्र त्या हसल्या.

“ते नाव मी ठेवलंय,” त्या म्हणाल्या. “तिच्या आत्यानं पाळण्यात दुसरंच ठेवलं होतं. मी घरभर भांडून बदललं. बाळंतिणीनं भांडायचं असतं का, म्हणून सगळे बोलले मला. आणि आता कुठल्या डोहातल्या बाया ते घेऊन जाणार?”

मी म्हटलं, “आई, माझाही विश्वास नाही. पण नका ना.”

“असलं काही नसतं,” त्या म्हणाल्या, चष्मा लावून फोन हातात घेतला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

आईंची फोनवर बोलायची एक पद्धत आहे. त्या हॅलो म्हणत नाहीत. पलीकडे फोन उचलल्याचं कळलं की थेट लेकीचं नाव, तेही वाड्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. सासरचं नाव त्यांनी आजवर एकदाही तोंडी घेतलेलं नव्हतं. लग्नात तांदळावर ते लिहिलं गेलं तेव्हा त्या उठून आत गेल्या होत्या, असं म्हणतात.

घंटी वाजली. पलीकडे फोन उचलला गेला. आईंनी माझ्याकडे बघत, मुद्दाम, खणखणीत आवाजात नाव घेतलं.

पलीकडून काही आलं नाही. फोन चालू होता. कुठेतरी भांडं पडल्याचा, बैलाच्या घुंगरांचा आवाज येत होता. आईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण हळूहळू त्याच्यामागून दुसरंच काही वर येत होतं. दवाखान्यात उभी हयात काढलेली ती बाई श्वास रोखून ऐकत होती. मीही.

“आई,” शेवटी आवाज आला. हळू होता, रडवेला होता, पण तिचाच. “आई, मंगल बोलतेय.”

आईंनी चष्मा काढला. मांडीवर ठेवला.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मंगल, जेवलीस का?”